पेनाचा आवाज

वेतवाल्याच्या जिभेला हाड नव्हतं. लहानपणी तापात डोळे गेले, तेव्हापासून तो जिभेनंच बघतो, असं त्याचा थोरला भाऊ म्हणायचा. तेही तो आसपास नाही याची खात्री करून घेऊन. माणूस दारात आला की पावलांवरून, श्वासावरून, बोलण्याआधी खाकरतो कसा यावरून हा त्याचं दुखरं ठिकाण बरोबर हेरायचा आणि नेमकं तिथंच बोट ठेवायचा. शेजारच्या विधवा बाईंनी एकदा दार उघडायला जरा वेळ लावला, तर ‘आता कुणासाठी एवढं आवरता?’ म्हणून मोकळा झाला. शिंप्याचा मुलगा दुसऱ्यांदा नापास झाला तेव्हा यानं भर गल्लीत शिंप्याचं अभिनंदन केलं, कारण वर्गात सगळ्यांत अनुभवी पोरगा त्याचाच. लोक ऐकून घ्यायचे. आंधळ्याशी भांडलं तर चार माणसं आपल्यालाच नावं ठेवणार, हे त्यांना कळत होतं. वेतवाल्यालाही ते कळत होतं, आणि त्याचा त्यानं आयुष्यभर पुरेपूर फायदा उठवला.

हातात मात्र कसब होतं. कचेऱ्यांतल्या, कोर्टातल्या, दवाखान्यांतल्या जुन्या लाकडी खुर्च्यांच्या बैठकी फाटल्या की त्याच्याकडे यायच्या. पाण्यात भिजवलेली वेताची पट्टी तो चौकटीच्या भोकांतून आधी उभी ओवायचा, मग आडवी, मग तिरकी, आणि बोटांच्या टोकांनी ताण बघत अशी जाळी विणायचा की केवढाही जाडा साहेब बसला तरी ती हूं की चूं करायची नाही. घर दोन खोल्यांचं. बाहेरच्या खोलीत तो, त्याची खाट आणि छतापर्यंत रचलेल्या खुर्च्या. आतल्या खोलीत स्वयंपाकाचा ओटा, एक टेबल, पाण्याचं पिंप, आणि त्यातून उरलेल्या जागेत भाऊ, वहिनी आणि त्यांची मुलगी. भाऊ बस डेपोत टायर बदलायचा. वहिनी लॉन्ड्रीत इस्त्रीला उभी असायची.

‘माझ्या वेतावर हे घर बसलंय,’ असं वेतवाला दिवसातून एकदा तरी ऐकवायचाच. त्यावर वहिनी आतून म्हणायची, ‘तर काय भावजी, तुम्ही नसतात तर आमचं कठीणच होतं.’ भांडी विसळता विसळता म्हणायची, रडक्या पोराला हो हो म्हणावं तशी. भिंतीपलीकडे कोण कुशीवर वळलं हे ज्याला ऐकू यायचं, त्याला हे एवढं काही कधी ऐकू आलं नाही. स्वतःची स्तुती चाललेली असली की सगळ्यांचेच कान सारखे.

अशा माणसाला एके दिवशी घबाड दिसलं. मोठ्या हॉस्पिटलच्या हेडक्लार्कची खुर्ची विणून झाली होती. तो न्यायला आला आणि सहज बोलून गेला, की त्यांच्या टेलिफोनच्या खोलीत एक जागा दृष्टिहीनांसाठी राखून ठेवलेली आहे. कायमची नोकरी, आणि राहायला आवारातच एक खोली. अट एकच, शाळेची शेवटची परीक्षा पास हवी. बाकीचे सगळे विषय वेतवाल्यानं अंधशाळेत असतानाच काढले होते. इंग्रजी तेवढं अडलं होतं. आणि वयाची मर्यादा याच वर्षी संपत होती. पुढच्या वर्षी पास झाला असता तर त्या प्रमाणपत्राची सुरळी करून कान खाजवायचा, एवढाच काय तो उपयोग.

त्या नोकरीचं त्यानं वेड घेतलं. पगाराचं नाही, खोलीचंही फारसं नाही. फोनवर पलीकडच्या माणसाला फक्त आवाज येतो, हे त्याच्या डोक्यात बसलं. मोठमोठे डॉक्टर, घाबरेघुबरे नातेवाईक, सगळे आपल्याला ‘जरा जोडून देता का’ असं विचारणार, आणि आपण आंधळे आहोत हे एकालाही कळणार नाही. या विचारानं तो खुर्ची विणता विणता एकटाच हसायचा. इतकं हवंहवंसं त्याला जन्मात दुसरं काही वाटलं नव्हतं.

इंग्रजी अडलं होतं ते डोक्यामुळे नाही. परीक्षेला आंधळ्या मुलाला लेखनिक मिळतो. त्यानं प्रश्न वाचून दाखवायचा, यानं उत्तर सांगायचं, त्यानं लिहायचं. लेखनिक खालच्या इयत्तेतला असावा, म्हणजे त्यानं स्वतःची हुशारी पाजळू नये, असा नियम. मागच्या खेपेला गल्लीतलाच एक पोरगा घेतला होता. पोराचं लक्ष मैदानावर. यानं चार ओळी सांगितल्या की तो एक लिहायचा आणि पुढच्या प्रश्नाला पळायचा. निकाल लागल्यावर सगळं बाहेर आलं. तेव्हापासून वेतवाल्यानं कानाला खडा लावला, आणि कानालाच कामालाही लावलं. कागदावर पेन किती वेळ चालतं, कुठं थांबतं, शब्द लांब आहे की आखूड, हे त्यानं ऐकायला शिकून घेतलं. यापुढे मला कुणी फसवून दाखवावं, असं तो म्हणायचा.

या वेळचा लेखनिक घरातच होता. पुतणी नववीत होती.

आता या पोरीला शाळेत एक नाव होतं आणि घरात एक, पण वेतवाल्यानं तिला तिसरंच दिलं आणि तेच चिकटलं. रेडिओ. झालं असं की पहिल्याच दिवशी तिनं इंग्रजी उतारा वाचून दाखवला तो एका दमात, पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, आयलंडला इसलँड आणि नाइफला कनाइफ. वेतवाला हसून हसून लोळला. मग म्हणाला, हिला तोंड आहे, डोकं नाही, कान पिरगाळला की वाजते, दुसऱ्यांदा पिरगाळला की बंद होते. दुसऱ्या दिवशी शिंप्याच्या पोरानं तिला त्या नावानं हाक मारली. आठवड्याभरात गल्लीत मारायला लागले. पुढे कुणीतरी शाळेतही ते पोचवलं. पोरगी तशीही फारशी बोलत नसे, निदान त्याच्यासमोर.

सराव रोज संध्याकाळी व्हायचा. ती शब्द आणि अर्थ वाचायची, तो वेत ओवायचा. त्याची पद्धत अशी की चौकटीच्या प्रत्येक भोकाला एक शब्द. पट्टी भोकातून वर आली की शब्द, ओढून खाली गेली की अर्थ. उभ्या फेरीत शब्द नवे असायचे, आडव्या फेरीत तेच पुन्हा, तिरकी होईपर्यंत पक्के. कोर्टाच्या सगळ्या खुर्च्यांत त्यानं वाईट माणसांची विशेषणं विणली, आणि बँकेच्या खुर्च्यांत लोभाचे जेवढे म्हणून शब्द सापडले तेवढे. साहेबलोकांना पत्ता नव्हता की आपण रोज कशावर बसतो. हे सगळं त्याला फार गमतीचं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर गमतीचं होतंही.

पण एक शब्द भोकाशी आला आणि पोरगी अडखळली, की गंमत संपायची. आधी तोंडाचा पट्टा सुटायचा. मग हातातल्या ओल्या वेताचं टोक तिच्या पोटरीवर, दंडावर, जिथं लागेल तिथं. त्याला दिसत नव्हतं, पण नेम कधी चुकायचा नाही. उतारा वाचून झाला की तो तिलाच प्रश्न विचारायचा, त्या माणसानं असं का केलं, लेखकाला काय म्हणायचंय. ती गप्प बसायची. ‘रेडिओला बातमी कळत नसते,’ तो म्हणायचा, आणि स्वतः उत्तर सांगायचा. लांबलचक, घोळदार, शुद्ध इंग्रजीतलं. मग ती ते प्लायवूडच्या फळीवर कागद ठेवून लिहायची आणि तो कान देऊन बसायचा. लिहून झाल्यावर तिनं वाचून दाखवायचं. एक शब्द इकडचा तिकडे झाला तर सगळं पुन्हा. अशानं पोरीला त्याचं प्रत्येक वाक्य एकदा ऐकलं की पाठ व्हायला लागलं. ते त्याला कळत होतं, पण पाठ होणं वेगळं आणि समजणं वेगळं, असं तो म्हणायचा.

भाऊ यात पडला नाही. तो थकून यायचा आणि डोक्याला त्रास नको म्हणून आत जाऊन झोपायचा. वहिनीही पडली नाही. उलट पोरगी चालढकल करायला लागली तर वहिनीच तिला ढकलून बाहेरच्या खोलीत पाठवायची. आपल्या वहिनीला आपल्या शिक्षणाची एवढी कळकळ आहे, याचं वेतवाल्याला बरं वाटायचं.

परीक्षा दोन दिवसांवर आली होती तेव्हाची गोष्ट. एक शब्द तीनदा झाला होता, आणि चौथ्यांदा विचारल्यावर पोरीनं जांभई दिली. तोंडावर हात धरून दिली होती, पण ऐकू आली. त्या वेळी वेतवाल्याच्या हातात बैठकीच्या कडेची जाड पट्टी होती. त्यानं तिला हात पुढे करायला सांगितला. तिनं डावा केला. तो त्यानं चाचपला, बाजूला सारला आणि उजवा मागितला. वार बसला तो बोटांच्या पेरांवर. तो दुसरा घालणार, एवढ्यात आतून वहिनीचा आवाज आला.

‘भावजी, हात लिहायचा आहे.’

‘मग डोकं पुढे करायला सांगा,’ तो म्हणाला. ‘ते तसंही रिकामंच आहे.’

वहिनी बाहेर आली आणि पोरीला आत घेऊन गेली. थंड पाण्यात फडकं पिळल्याचा आवाज आला. वेतवाल्यानं उरलेली कडेची पट्टी बसवली, खुंट्या ठोकल्या आणि तो ते सगळं विसरून गेला. अशा गोष्टी लक्षात ठेवायचं काम मारणाऱ्याचं नसतं.

परीक्षेच्या दिवशी पुतणीनं त्याला केंद्रावर नेलं. लेखनिक घेणाऱ्यांना वेगळी खोली असते. तिथं हे दोघं, आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या पर्यवेक्षिका बाई. वर एक पंखा खडखडत होता. शब्दांचे प्रश्न आले, विरुद्धार्थी, समानार्थी, जोड्या लावा. वेतवाल्यानं ते फडशा पाडावा तसे संपवले. एकेका शब्दाला आपण कुणाची खुर्ची दिली होती तेही त्याला आठवत होतं. त्यात एकेकच शब्द लिहायचा, त्यामुळे पेनाकडे त्याचं लक्ष नव्हतं. मग उतारा आला.

उतारा एका जहाजावरच्या आचाऱ्याचा होता. कप्तान त्याला कामावरून काढतो आणि नंतर पस्तावतो, असा. पुतणीनं तो वाचला, आणि वेतवाल्याच्या कपाळाला आठी पडली. ती नीट वाचत होती. पूर्णविरामाला थांबत होती, प्रश्नाला आवाज चढवत होती, कप्तानाचं बोलणं कप्तानासारखं आणि आचाऱ्याचं आचाऱ्यासारखं वाचत होती. वाचणाऱ्याला अर्थ कळल्याशिवाय असं वाचता येत नाही. म्हणजे हिला कळतं. कधीपासून कळतं कोण जाणे, आणि रोज घुम्यासारखी बसून ही आपल्याला खुळ्यात काढत होती. दुसऱ्या कुणाला अभिमान वाटला असता. याच्या मनात पाल चुकचुकली.

त्यानं पहिलं उत्तर सांगितलं. कप्तानानं आचाऱ्याला का काढलं, याचं तीन वाक्यांचं, मधे एक ‘ऑल्दो’ घालून फिरवलेलं. आणि कान दिला.

पेन वाजलंच नाही. म्हणजे थोडं वाजलं. कुठंतरी कागदावर मुंगी चालल्यासारखं खसखसलं आणि थांबलं. फळीवर जे तीन वाक्यांना वाजायचं, त्याच्या पावपटही नाही. त्यानं हळूच विचारलं, झालं? ती म्हणाली, झालं. त्यानं वाचायला सांगितलं. तिनं वाचलं. तीनही वाक्यं जशीच्या तशी, ‘ऑल्दो’सकट.

हे तिला पाठच होणार. त्यानंच नाही का तिला घडवलं तसं? एकदा ऐकलं की म्हणून दाखवते. कागदावर काहीही खरडलेलं असो, तोंडानं ती त्याचं वाक्य त्यालाच ऐकवणार. त्यानं दुसरं उत्तर मुद्दाम लांबवलं. पेन पुन्हा जरासं खसखसलं आणि गप्प. वाचायला सांगितलं तर पुन्हा अक्षर न अक्षर बरोबर.

आता त्याच्यापुढे सगळं लख्ख उभं राहिलं. मागच्या खेपेचा पोरगा निदान खेळायच्या नादात होता. ही सूड घेत होती. आणि एकटी कशाला, तिच्या मागे घर होतं. आपण हॉस्पिटलात राहायला गेलो की वेताचा पैसा गेला. मग या लोकांनी खायचं काय? ‘तुम्ही नसतात तर कठीण होतं’ म्हणणारी वहिनी, पोरीला ढकलून ढकलून सरावाला पाठवणारी, तिचा डाव आत्ता कळला. इतकी वर्षं अन्न घातलं, छप्पर राखलं, आणि ही माणसं आपल्याला खुंटीला बांधून ठेवणार. संतापानं त्याचे कान तापले. तो पुतणीकडे वाकला आणि अगदी हळू म्हणाला, ‘काय लिहितेयस ते मला कळतंय.’

ती म्हणाली, ‘तुम्ही सांगताय तेच.’ तिचा आवाज जरा कापत होता. घाबरलेल्या माणसाचा आवाज कापतो. लबाडाचाही कापतो. त्याला एकच ऐकू आलं.

त्यानं हात वर केला.

पर्यवेक्षिका बाई आल्या. त्यानं मोठ्या, स्वच्छ आवाजात सांगितलं, की ही मुलगी मी सांगतो ते लिहीत नाही, भलतंच लिहिते, माझी तक्रार नोंदवून घ्या. बाई गडबडल्या. त्यांनी एकदा विचारलं, नक्की का? तो म्हणाला, माझ्या कानांची ग्वाही आहे. मग केंद्रसंचालकांना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी उत्तरपत्रिका ताब्यात घेतली, पुतणीला भिंतीशी उभं केलं आणि वेतवाल्याला सांगितलं, की तुम्ही दोन्ही उत्तरं पुन्हा म्हणा. त्यानं म्हटली. मग पर्यवेक्षिका बाईंनी कागदावरचं मोठ्यानं वाचायला घेतलं.

ते त्याचंच होतं. पहिलं वाक्य, दुसरं, ‘ऑल्दो’, स्वल्पविराम, सगळं. दुसरं उत्तरही तसंच, शेवटच्या शब्दापर्यंत. आधीचे शब्दही बाईंनी वाचले, एकही इकडचा तिकडे नव्हता. त्याला वाटलं बाई चुकून त्याचंच बोलणं परत म्हणतायत, आणि त्यानं तसं विचारलंही. केंद्रसंचालक म्हणाले, मीही बघतोय हो, शब्दन् शब्द आहे. अक्षर तेवढं फार बारीक आणि फिकं आहे, भिंग लावावं लागेल तपासणाऱ्याला.

मग बाईंचं लक्ष गेलं. ‘अगं, बोटाला काय झालं तुझ्या? केवढं सुजलंय. पेन तरी धरता येतंय का?’

‘दारात सापडलं,’ पुतणी म्हणाली.

तिला पेन दाबता येत नव्हतं. बोटाच्या टोकावर कसंबसं टेकवून, अक्षरं बारीक काढत, ती लिहीत होती. घरी फळीवर पेन खडखडायचं, इथं नुसतं टेकत होतं. वेतवाल्यानं हे ऐकलं, आणि दोन दिवसांपूर्वीची कडेची पट्टी त्याला आठवली. ज्याला तोंड बंद ठेवणं जन्मात जमलं नाही त्याची दातखीळ बसली, आणि बसायला नको होती तिथंच बसली. तक्रार मागे घेतो, एवढं तरी त्यानं लगेच म्हणायला हवं होतं. त्यानं ते म्हटलं, पण केंद्रसंचालकांनी तोवर लिहून सही केली होती. एकदा आक्षेप नोंदला की तो लेखनिक पुन्हा बसत नाही. ते वाईट वाटून सांगत होते, पण नियम सांगत होते.

राखीव लेखनिक म्हणून शाळेच्या शिपायाची सातवीतली मुलगी बोलावून आणली. ती येईपर्यंत निम्मा वेळ गेला. ती बिचारी इंग्रजी शब्द दगड फोडावेत तशी फोडत होती. पुढचे प्रश्न काय आहेत हेच त्याला पुरतं कळेना, आणि कळलं ते सांगितलं तर तिला लिहिता येईना. एकेक अक्षर सांगावं लागलं. पेनाचा आवाज मात्र भरपूर येत होता. निबंधाच्या दुसऱ्या ओळीवर घंटा झाली. पेपर गेला हे कळायला निकालाची वाट पाहायची गरज नव्हती.

बाहेर आला तर पुतणी गेटाशी उभी होती. त्याला वाटलं होतं ती निघून गेली असेल. पण त्याला घरी कोण नेणार? तिनं नेहमीसारखा आपला कोपर पुढे केला, डावा. त्यानं तो धरला. दोघं निघाले. फुटपाथ उखडलेला होता. ती ‘खड्डा’ म्हणायची, ‘वळा’ म्हणायची, ‘सायकल’ म्हणायची, दुसरं काही नाही. मुलं पेपरावर बोलत घोळक्यानं पुढे जात होती. त्यातलं कुणीतरी ओळखीचं असावं, कारण एक आवाज ओरडला, ‘रेडिओ, कसा गेला पेपर?’ ती ‘वळा’ म्हणाली आणि चालत राहिली.

माफी मागायची वेतवाल्याला सवय नव्हती, म्हणजे शब्द पाठ होता पण कधी वापरला नव्हता. त्याऐवजी त्यानं विचारलं ते असं, ‘तुझ्या मनात आलं असतं तर काहीही लिहिता आलं असतं तुला. मी तुला एवढं छळलं. मग बरोबर का लिहिलंस?’

त्याला काय ऐकायचं होतं ते लपण्यासारखं नव्हतं. काका आहात ना, असलं काहीतरी. तेवढ्यावर त्याचं भागलं असतं.

पुतणीनं त्याला एका खड्ड्याच्या कडेनं पुढे नेलं.

‘तुम्ही पास झालात तर हॉस्पिटलच्या खोलीत राहायला जाणार होतात,’ ती म्हणाली. ‘आई म्हणाली, काय वाट्टेल ते बोलू दे, मारू दे, तू एक चूक करू नकोस. मी बाहेरच्या खोलीत झोपणार होते.’ मग म्हणाली, ‘पायरी आहे.’

तो पायरी उतरला. तिच्या बोलण्यात राग असता तर त्याला उलट बोलता आलं असतं. रागाला उत्तर देण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. ती नुसतं सांगत होती, बस कुठली कुठं जाते हे सांगावं तसं. एकदा त्यानं तोंड उघडलं, की वेताच्या पैशाचं काय, घर कशावर चाललं असतं? ती म्हणाली, बाबा म्हणाले होते, तेवढं भागवू. मग तिनंच थोडं थांबून सांगितलं, की बाहेरच्या खोलीचं पुढे काय करायचं ते सुद्धा त्यांचं ठरलं होतं. वहिनी लॉन्ड्री सोडून घरीच इस्त्रीचं दुकान टाकणार होती. हे सगळं भिंतीपलीकडे, त्याच्या कानांपासून हातभर अंतरावर ठरलं होतं, आणि आनंदानं ठरलं होतं.

घर आलं. दारापर्यंत पोचल्यावर त्यानं तिचा कोपर सोडला. आपल्या खोलीत त्याला कुणी हात धरून न्यावं लागत नसे. उंबऱ्यापासून खाटेपर्यंतचा रस्ता पायांना पाठ होता. तो ताठ आत शिरला आणि धाडकन कशावर तरी आदळला. नडगीला कळ गेली. हात पुढे केले तर तिथं टेबल होतं. ओट्याजवळचं टेबल, त्याच्या खोलीत, खिडकीखाली, जिथं त्याची खाट असायची तिथं. त्यावर जाड घोंगडी घडी करून अंथरलेली. खाट त्याला लागली ती भिंतीला उभी करून ठेवलेली, आणि खुर्च्या एका कोपऱ्यात दाटीनं सारलेल्या.

वहिनी आतून लगबगीनं बाहेर आली. हसत होती हे आवाजावरून कळत होतं.

‘लागलं का भावजी? मी जरा टेबल लावून बघत होते, कुठं बसतं ते. लगेच काढते. कसा गेला पेपर?’

वेतवाला टेबलावर हात ठेवून उभा राहिला. वहिनीनं मग मुलीकडे बघितलं असावं, कारण तिचं हसू मधेच थांबलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

पुतणीनं दप्तर खाली ठेवलं. टेबलावरची घोंगडी काढून आईच्या हातात दिली. मग डाव्या हातानं टेबलाची कड धरून, उजवा छातीशी घेऊन, ते टेबल ती फरशीवरून ओढत आत न्यायला लागली. एकटीला ते जात नव्हतं. वहिनीनं घोंगडी खांद्यावर टाकली आणि दुसरी बाजू धरली.